दोन बोटं डावीकडे

मार्च लागला की इंदापुरात हवा बदलते. हायवेवरच्या मालमोटारी तशाच धावतात, बाजारात कलिंगडांचे ढीग लागतात, पण दहावीचं पोर असलेल्या घरात सगळे हलक्या आवाजात बोलू लागतात. आमच्या घरीही यंदा तसंच आहे. धाकट्या मुलाची मुलगी दिवसभर पुस्तकात डोकं घालून बसते. काल दुपारी मान वर न करताच ती म्हणाली, "आजी, भूमिती म्हटलं की माझ्या पोटात कसंतरीच होतं गं."

मी तिला लिंबाचं सरबत करून दिलं आणि खिडकीशी बसले. बाहेर कडुलिंबाला मोहर आला होता. त्याचा तो गोडूस, किंचित कडवट वास आणि त्यात मिसळलेली तापलेल्या धुळीची चव. त्या वासानं मी थेट बारामतीला, आमच्या शाळेच्या नव्या दालनात जाऊन पोचले. भूमितीनं पोटात कसंतरी होणं माझ्याही वाट्याला आलं होतं. पण ते पेपरामुळं नव्हतं. एका भिंतीमुळं होतं.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. मी मॅट्रिकला होते. माझे वडील, नाना, त्याच शाळेत गणित शिकवत. फळ्यावर हातानं काढलेलं त्यांचं वर्तुळ कंपासानं काढल्यासारखं गोल यायचं, आणि मुलं त्यांना त्या वर्तुळासाठी मानायची, बाकी सगळ्यासाठी भ्यायची. घरातही नाना मोजकंच बोलत. खोटं मात्र चुकूनही बोलत नसत. आई म्हणायची, "तुझ्या वडलांना आजच्या भाजीत मीठ कसं झालंय असं विचारायची सोय नाही."

शाळेचं नवं दालन त्या वर्षीच बांधून झालं होतं. मंगलोरी कौलं, शहाबादी फरशी, आणि समोर एक आडवी, लांबरुंद, कोरी भिंत. शाळेच्या समितीचे अध्यक्ष होते रंगराव. अंथुर्ण्याकडं कालव्याच्या पाण्यावर त्यांच्या मोसंबीच्या बागा होत्या. दालनाला दगड, चुना, सागवान सगळं त्यांनीच पुरवलं होतं. धिप्पाड माणूस, आवाज मळ्याच्या या टोकावरून त्या टोकाला जाईल असा. त्यांनी चित्रकलेच्या नलिनीबाईंना सांगितलं, "बाई, भिंत मोकळी बरी न्हाय दिसत. चांगलंसं काय तरी काढा. पोरं बघत्याल."

नलिनीबाई त्या वर्षीच एका वर्षाच्या नेमणुकीवर आल्या होत्या. सडपातळ, सावळ्या, एकट्या राहणाऱ्या. बोलताना समोरच्याकडं न बघता त्याच्या जरा बाजूला बघायच्या, जणू तो माणूस जागेवर नीट बसलाय का ते तपासताहेत. रंगरावांना अपेक्षा होती कमळातल्या लक्ष्मीची, फार तर घोड्यावरच्या महाराजांची. बाईंनी भिंतीसमोर पडदा बांधला आणि महिनाभर शाळा सुटल्यावर त्या आत काम करत राहिल्या. गेरू, पिवडी, धुण्याची नीळ, दिव्याची काजळी, सगळं सरसात कालवून. दालनाबाहेर सरसाचा उग्र वास यायचा.

उद्घाटनाच्या दिवशी पडदा काढला आणि दालन गप्प झालं.

भिंतीवर लक्ष्मी नव्हती, घोडा नव्हता, झाड नव्हतं, माणूस नव्हता. नुसते चौकोन. डावीकडं एक भला मोठा गेरूचा चौरस. त्याच्या उजवीकडं वरच्या अंगाला राखाडी चौरस. मग त्याहून लहान पिवडीचा, मग निळा, मग आणखी लहान, असे एकात एक वळत, आत आत जाणारे. आणि अगदी आत, वीतभर लांबीचा, काजळीचा गर्द काळा तुकडा.

रंगरावांनी नारळ फोडला, हार घालून घेतला, भाषणाला उभे राहिले. "मंडळी," म्हणाले, आणि त्यांची नजर भिंतीकडं गेली. "मंडळी," पुन्हा म्हणाले. मग "पोरांनो, अभ्यास करा," एवढंच म्हणून खाली बसले. लोकांना वाटलं, उन्हाचा त्रास झाला असेल.

मी तेव्हा मुलींच्या रांगेत बसले होते. मला ते चित्र आवडलं की नाही, हे आजही सांगता येत नाही. आवडणं हा शब्द तिथं लागूच पडत नव्हता. नजर गेरूवरून निघायची, राखाडीवर यायची, पिवडीवर, निळ्यावर, जिना उतरल्यासारखी सहज. आणि शेवटच्या पायरीवर पाय टाकावा तर पायरी नसावी, तसं व्हायचं. अंधारात जिना उतरताना कधी तरी होतं ना, पोटात धस्स होऊन माणूस भिंत धरतो, तसं. मी पुन्हा पहिल्यापासून बघायची. पुन्हा तेच. चित्र हलत नव्हतं, मीही हलत नव्हते, तरी मी आतल्या आत पडत होते.

गंमत म्हणजे ज्यांना ते चित्र बिलकूल आवडलं नव्हतं, त्यांचीही नजर तिथून निघत नव्हती.

सराव परीक्षा त्याच दालनात सुरू झाली. उसाची शेवटची गुऱ्हाळं चालू होती आणि सकाळच्या वाऱ्यावर गुळाचा वास यायचा. शाईच्या दौती, टीपकागद, घामानं ओले झालेले तळवे. मला सगळ्यात जास्त काळजी होती शकूची. शकू माझी मैत्रीण, माझ्या शेजारच्या रांगेत बसायची. पास झाली तर पुढं शिकायचं, नापास झाली तर ज्येष्ठात लग्न, असं तिच्या घरी ठरलं होतं. स्थळही बघून ठेवलेलं. त्यामुळं पोरगी वाळत चालली होती.

भूमितीच्या पेपराला ती मध्येच उठून उभी राहिली. हातातला टाक खाली पडला. "भित सरकतीय," ती म्हणाली. अगदी हळू, पण त्या शांततेत सगळ्यांनी ऐकलं. मग रडतच बाहेर गेली.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट अख्ख्या बारामतीत झाली. शकूनं दोन दिवस धड खाल्लं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी ते सांगत फिरले, पण कुणी ऐकेना. नव्या दालनाच्या भिंतीवर काहीतरी आहे. चित्र बाधतं. बाई एकट्याच राहतात, कोण कुठल्या, काय काय कालवलं असेल त्या रंगात. शकूची आई शाळेच्या दारात उभी राहून ओरडली, "माझ्या लेकीच्या जल्माचा प्रश्न हाय हो! ती भित पयली पुसा, न्हाय तर आमी आमच्या पोरी परीक्षेला बसवणार न्हाय!" तिच्या मागं आणखी बायका होत्या. बोर्डाची परीक्षा अगदी तोंडावर आली होती आणि केंद्र आमचंच दालन होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रंगराव आमच्या घरी आले. नाना दाढी करत होते. रंगराव ओट्यावर टेकले, आईनं दिलेला चहा त्यांनी बशीत ओतला, आणि तो तसाच निवत ठेवला.

"मास्तर, एक काम करा. ती भित मोजा."

"मोजू? ती कशासाठी?"

"बाई म्हनत्यात, त्या चित्रात गणित हाय. हाय का न्हाय त्ये तुमच्याबिगर कोन सांगनार?" मग खालच्या आवाजात म्हणाले, "चित्रात मानूस न्हाय, देव न्हाय, काय न्हाय. मग त्याच्याकडं बघितलं की जीव का घाबरा व्हतो? म्या मोठा मानूस. माझाबी व्हतो."

नाना वस्तरा पुसत राहिले. "मोजतो," म्हणाले. "पण जे निघेल तेच सांगीन."

"म्हनून तर तुमच्याकडं आलो."

त्या दुपारी दालनात फक्त आम्ही दोघं होतो. मी दोरीचं एक टोक धरायची, नाना दुसरं टोक घेऊन सरकायचे. बाहेर ऊन रणरणत होतं, आत कौलं तडतडत होती. नानांनी आधी गेरूचा चौरस मोजला, मग पूर्ण चित्र, मग उरलेला भाग. काहीतरी गुणाकार पुटपुटले. पुन्हा मोजलं. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिलं. माझे वडील खुदकन हसले.

"लीला, इकडं बघ. हा सगळा मिळून एक लांबट चौकोन आहे ना? त्यातून हा गेरूचा चौरस कापला. उरलेला तुकडा लहान आहे, पण घडण बघ. लांबीचं रुंदीशी नातं तेच. जशी आई तशी लेक. तिच्यातून पुन्हा चौरस कापला, उरली नात, तीही तशीच. कापत जा, कापत जा, जे उरतं ते पुन्हा पहिल्यासारखंच. हे कधी संपत नाही, पोरी. कितीही कापलं तरी उरतंच."

एखाद्या अवघड प्रमेयाची सिद्धता सुटल्यावर व्हावा तसा त्यांचा आवाज झाला होता. ते आत आत मोजत गेले. आणि काळ्या तुकड्यापाशी थांबले. दोरी लावली. काढली. पुन्हा लावली. तुकड्याचं माप बरोबर होतं. जागा बरोबर नव्हती. त्याची जी जागा यायला हवी होती, तिथून तो दोन बोटं डावीकडे सरकला होता. त्यामुळं डावीकडं शेजारच्या रंगावर चढला होता आणि उजवीकडं त्याच्या खऱ्या जागेत उघड्या गिलाव्याची एक बारीक पट्टी दिसत होती. लांबून ती पट्टी कळत नसे. पण आपण तिच्यातच पडत होतो.

"चुकलं वाटतं बाईंचं," मी म्हटलं.

नानांचं हसू गेलं होतं.

नलिनीबाई बाहेर व्हरांड्यात वह्या तपासत होत्या. नानांनी त्यांना सरळच विचारलं, "बाई, शेवटचा तुकडा जाग्यावर नाही. हात चुकला का?"

"नाही सर. आधी जाग्यावरच काढला होता. सगळं अगदी बरोबर बसलं, आणि मग मला त्याच्याकडं बघावंसंच वाटेना. पांघरूण घातल्यासारखं झालं. म्हणून खरवडून काढला आणि सरकवला."

"दोनच बोटं का? चार का नाही?"

"चार बोटं सरकवला तर तो मुळी त्यातला वाटतच नाही. परका होतो." बाई नानांच्या खांद्याच्या बाजूला बघत होत्या. "आणि एक बोट सरकवला तर वाटतं, चुकून झालंय."

"याचा नियम काय?"

"मला माहीत नाही सर. मी उभी राहिले आणि श्वास अडकला तिथं थांबले."

माझ्या वडिलांनी आयुष्यभर नियम शिकवले होते. या उत्तरानं ते किती हैराण झाले ते मी पुढच्या काही दिवसांत पाहिलं. रंगीत कागदाचे तुकडे त्याच मापात कापून त्यांनी ते ओसरीवर मांडले. काळा तुकडा इकडं सरकव, तिकडं सरकव. मला विचार, आईला विचार. "इथं काय वाटतं? आणि इथं?" आई गहू निवडत होती. तिनं एकदा बघितलं आणि म्हणाली, "अहो, ठिपक्यांच्या रांगोळीत एक ठिपका राहिला की बघणाऱ्याचा हात शिवशिवतो ना, पुढं होऊन द्यावा म्हणून? तसं वाटतंय. पण रांगोळी चांगली मांडलेली असली तरच हो. वाकड्यातिकड्या रांगोळीत ठिपका राहिला काय, न राहिला काय."

नानांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालं नाही. हात शिवशिवणं वेगळं आणि अंगावर काटा येणं वेगळं, असं ते म्हणाले. एकाचं दुसरं कधी होतं आणि का, हे त्यांना हवं होतं. मला वाटतं, ते आजवर कुणालाच नीट सापडलेलं नाही. मला एवढंच कळतं की नियम डोळ्याला काहीतरी कबूल करतो. गेरू म्हणतो, ये. राखाडी म्हणतो, ये, पुढं असंच आहे. आपण विश्वासानं जातो. आणि ज्याच्यावर विश्वास टाकला त्यानंच शेवटच्या क्षणी जरासा हात सोडला, तर जे वाटतं त्याला देव, माणूस, झाड असं कशाचंही चित्र लागत नाही. प्रत्येकाच्या आत सुटलेला हात असतोच.

पण तेव्हा मी सोळा वर्षांची होते. मला हे काही सुचलं नव्हतं. मला फक्त भीती वाटत होती. नाना समितीपुढं काय बोलतील याची, बाईंचं काय होईल याची, आणि शकूची.

बैठक दालनातच झाली. बाकांवर समितीची माणसं, एका कडेला नलिनीबाई, दारात पालक, आणि खिडकीच्या गजांना धरून आम्ही मुली. वारा पडला होता. रंगराव भिंतीकडं पाठ करून बसले होते.

"बोला मास्तर. गणित हाय का?"

"आहे," नाना म्हणाले. "फार शुद्ध आहे. मला स्वतःला इतकं नेटकं काढता आलं नसतं."

दारातल्या माणसांत कुजबुज झाली. नानांनी हात वर केला. "पण शेवटचा तुकडा नियमातून सुटलेला आहे. दोन बोटं डावीकडे."

"म्हंजे चुकलाय."

"सुटलाय म्हणालो मी."

"मास्तर, आमाला आडान्याला कळंल आसं बोला. चुकलाय का न्हाय? चुकला आसंल तर बाई दुरुस्त करत्याल, विषय मिटंल."

मला त्या क्षणी कळलं की रंगराव वाट काढून देताहेत. नानांनी नुसतं 'हो' म्हणायचं होतं. बाईंनी तो तुकडा दोन बोटं उजवीकडं सरकवला असता, भिंत राहिली असती, त्यांची नोकरीही कदाचित राहिली असती. नलिनीबाईंनी मान खाली घातली. त्या काय मागत होत्या ते कळत नव्हतं.

नानांनी एकदा भिंतीकडं बघितलं. "रंगराव, मी इतकी वर्षं पोरांच्या चुका बघतोय. चूक बघून मला राग आलाय, हसू आलंय, कंटाळा आलाय. चूक बघून माझा जीव कधी हलला नाही. इथं हलतो. म्हणून ती चूक नव्हे."

कुणी तरी खाकरलं. रंगराव उठले, आणि पहिल्यांदा भिंतीकडं वळून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला.

"चूक न्हाय. म्हंजे जानूनबुजून हाय. बाई, तुमाला माझ्या घरचं कुनी सांगितलं?"

बाई गोंधळल्या. "कसलं घरचं?"

"ह्यो माझ्या रानाचा नकाशा हाय! ह्यो मोठा तुकडा माझा. ह्यो चुलत्याचा. ह्यो त्येच्या पोराचा. वाटण्या करत करत आलो आमी. आन् ह्यो शेवटचा, वड्याच्या कडंचा, ह्यो माझ्या धाकट्या भावाचा, सोपानचा. त्याला म्या दिला. बांधाच्या भायेर ढकलल्यागत दिला. त्यो तुकडाबी टाकून इंदापूरला गेला त्यो, बाजारात मापाडी म्हनून ऱ्हायला. परत आला न्हाय. ह्ये साऱ्या गावासमोर भितीवर काढायला कुनी सांगितलं तुमाला?"

नलिनीबाईंनी मान वर केली. "मी अंथुर्णं पाहिलेलंसुद्धा नाही," त्या म्हणाल्या.

नाना हळूच म्हणाले, "रंगराव, मी दोरी लावून बघितलंय. तुमच्या काय, कुणाच्याच रानात या मापाचे तुकडे नसतात. बांध वाकडे असतात, ओढा आडवा येतो. हे कुणाच्याच घरचं नाही."

"मग मला सोपान का दिसतो?"

बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही. मला तिथं माझी आई दिसते." एवढंच.

रंगराव धोतराचा सोगा आवळत म्हणाले, "चूक आसती तर ऱ्हाऊ दिली आसती. चूक न्हाय, म्हंजे पुसायलाच पायजे. परीक्षेच्या आदी भित पांढरी करा." आणि निघून गेले.

पांढरी करायला बाईंनी गवंडी बोलावू दिला नाही. स्वतःच केली. मी चुन्याची बादली धरून उभी होते. चुना चरचरत होता, डोळ्यांत पाणी येत होतं, ते चुन्याचंच होतं असं मी म्हणणार नाही. कुंचा गेरूवरून फिरला. राखाडीवरून. एक एक पायरी पुसली जात होती. शेवटी काळा तुकडा राहिला, तेव्हा दारात रंगराव उभे होते. कधी आले कळलं नाही.

"तेवढं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "बाकीचं पोरांना नडतं. तेवढं ऱ्हाऊ द्या हितं."

बाईंनी कुंचा खाली ठेवला. त्यांना काहीतरी सांगायचं होतं असं मला वाटलं. पण त्या नुसतं "बरं" म्हणाल्या.

परीक्षा त्या पांढऱ्या भिंतीसमोर झाली. मध्ये एक वीतभर काळा डाग. पहिल्या दिवशी सगळ्या मुलींनी चोरून त्याच्याकडं बघितलं आणि मग कुणी बघेनासंच झालं. शकूनं भूमितीचा पेपर शेवटपर्यंत लिहिला. ती पास झाली, चांगल्या मार्कांनी झाली. आणि ज्येष्ठात तिचं लग्नही झालं. स्थळ चांगलं आहे, असं घरच्यांचं म्हणणं पडलं. मांडवातून निघताना ती माझ्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "लीले, ती भित खरंच सरकली होती गं." मी तिला खोटं ठरवलं नाही.

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी मी बाईंना सामान बांधायला मदत करायला गेले. त्यांची नेमणूक संपली होती आणि दुसऱ्या दिवशीच्या छोट्या आगगाडीनं त्या दौंडला, तिथून पुढं जाणार होत्या. कुंचे दालनात राहिले होते, ते आणायला आम्ही दोघी गेलो. आत बाकावर रंगराव बसले होते. एकटेच. पागोटं मांडीवर, नजर भिंतीवर.

"बाई, रोज येतोय मी," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मला आधी ओळखूच आला नाही. "परीक्षा बघायला येतो म्हनून सांगतो आन् हितं येऊन बसतो. काय वाटंनाच झालंय. तुमी त्यो तुकडा ठिवला, त्योच ठिवला न्हवं? बदलला न्हाय?"

"तोच आहे. हात नाही लावला."

"मग त्येच्यात आता सोपान का न्हाय?"

बाई त्यांच्या शेजारच्या बाकावर टेकल्या. "रंगराव, तो त्या तुकड्यात नव्हताच. तुकडा कशातून सुटलाय ते दिसत होतं, म्हणून तो दिसत होता. आता सुटायला काही उरलंच नाही. नुसता डाग आहे."

बाहेर कावळा ओरडत होता. रंगरावांनी तळहातानं तोंड पुसलं.

"जीव घाबरा व्हायचा तवा वाटायचं, ह्ये जाईल तर बरं. गेलं. आता त्याच्याहून वंगाळ वाटतंय. भाऊ गेला त्यो गेला, आता त्येचं दुखनंबी गेलं. परत काढा त्ये."

"सगळं?"

"समदं. मास्तरांच्या जवळ मापं हायती."

"पुन्हा काढलं तर पुन्हा तसंच वाटेल. श्वास अडकेल तुमचा."

"वाटू द्या," रंगराव म्हणाले.

बाईंची गाडी चुकली. म्हणजे त्यांनी चुकवली. सगळा मे महिना त्या रिकाम्या शाळेत गेरू आणि पिवडी कालवत राहिल्या, आणि नाना रोज सकाळी टोपी घालून दोरी धरायला जात राहिले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा भिंत होती तशी झाली होती. पालक पुन्हा कुजबुजले, पण रंगरावांनीच ती रंगवून घेतली म्हटल्यावर पुढं कुणी बोललं नाही. बाईंना आणखी वर्षभराची नेमणूक मिळाली. मग त्या गेल्या. ती भिंत पुढं कित्येक वर्षं होती. दालन वाढवताना पाडली.

चित्र पुन्हा काढलं त्याच पावसाळ्यात, पिकं तरारून आली होती तेव्हा, रंगराव इंदापूरला जाऊन आले. परत येताना आमच्या ओट्यावर टेकले. नानांनी विचारलं, "भेटले का सोपानराव?"

"भेटला. दार उघडलं. पानी दिलं. बायकूनं च्या केला. पर त्यो काय बोलला न्हाय."

"मग?"

"मग काय मास्तर. मी बसून ऱ्हायलो."